कशासाठी, ते आधी सांगा

दूध साठवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या कार्डापुरतंच उरलं होतं. अठरा वर्षं त्यांनी तिथली मशीनरूम सांभाळली. गोदामं थंड ठेवायला अमोनिया वायू लागतो, आणि तो वायू दाबून पाइपांतून फिरवणारे तीन कॉम्प्रेसर त्या खोलीत होते. अमोनिया पाइपात असतो तोवर गरीब. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. म्हणून मशीनरूममध्ये बदलीवर यायला कुणी फारसं राजी नसे, आणि मिस्त्रीणबाई एकदा आल्या त्या तिथल्याच झाल्या.

तीनपैकी एक कॉम्प्रेसर कायमचा बसला. उरलेले दोन धापा टाकत कसंबसं रेटत होते. शेवटी मालकांनी जर्मनीहून नवीन मशीन मागवलं. ते यायला आठ महिने लागणार होते. सोबत कळवलं होतं की मशीन बसवायला जो फिटर येईल त्याला जर्मनशिवाय दुसरी भाषा येत नाही. पहिले दहा दिवस दुभाष्या असेल, पुढे कारखान्याने आपलं आपण बघावं.

मॅनेजरसाहेबांनी मीटिंग घेतली. "आठ महिन्यांत जर्मन कोण शिकतंय?"

मिस्त्रीणबाईंचा जोडीदार ऑपरेटर, ज्याला सगळे जाड्या म्हणत, तो बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, माझं बाळ लहान आहे. बाळ चार वर्षांचं होतं.

"मिस्त्रीणबाई, तुम्ही जा," साहेब म्हणाले. "तुमच्या मागे काही व्याप नाही."

व्याप नाही म्हणजे नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येणारा, आणि घरात त्या व सासूबाई दोघीच. मिस्त्रीणबाई एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. शेवटची परीक्षा त्यांनी अठराव्या वर्षी दिली होती. पण नाही कसं म्हणायचं ते त्यांना कधी जमलंच नाही.

क्लास शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. ड्यूटी सुटली की बस पकडून त्या तिथं पोचत. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, बारा बाकं. बाकीचे सगळे विशी-बाविशीतले, परदेशी शिकायला किंवा दवाखान्यात नोकरीला निघालेले. त्यांची तोंडं भराभर चालत. मिस्त्रीणबाईंच्या हातांना तेलाचा वास येई, म्हणून त्या वही मांडीवर ठेवून लिहीत.

शिकवणीच्या बाई सत्तरीला टेकलेल्या आणि भारी कडक. चुकलं तर रागावत नसत, पण बरोबर येईपर्यंत उभं ठेवत.

घरी सासूबाईंनी वेगळंच आरंभलं. पहिल्याच आठवड्यात सुनेनं स्वयंपाकघरात जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसे, पण पाठांतर पक्कं. महिन्याभरात त्या भाजी चिरता चिरता परीक्षा घेऊ लागल्या. सुरी वर धरून विचारायच्या, "हे कशासाठी?"

"त्सुम श्नायडन. चिरायला."

"आणि हे?"

"त्सुम ट्रिंकन, आई. प्यायला."

"बरोबर की चूक मला काय कळतंय? पण म्हणताना अडखळली नाहीस, म्हणजे बरोबर असणार."

ही सोपी वाट होती. वस्तू हातात घ्यायची आणि ती कशाला लागते ते 'त्सुम' लावून सांगायचं. घोडं अडलं ते सहाव्या महिन्यात. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'उम' आणि 'दामित'. दोन्हीचा अर्थ एकच, अमुक व्हावं म्हणून.

"प्रत्येकानं आपल्या कामातलं एक वाक्य करा. काय करता, आणि कशासाठी करता."

मिस्त्रीणबाईंचा नंबर आला. त्यांनी मनात जुळवाजुळव केली आणि म्हणाल्या, "इश श्लीसे दास व्हेंटील, उम निश्त त्सू प्लात्सन." व्हॉल्व्ह बंद करते, फुटू नये म्हणून.

बाईंनी चष्मा काढला. "कोण फुटू नये?"

"पाइप."

"तुम्ही सांगितलंत की तुम्ही स्वतः फुटू नये म्हणून व्हॉल्व्ह बंद करता."

वर्ग हसून लोळला. मिस्त्रीणबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "आपलं 'साठी' आणि 'म्हणून' कुणालाही चालतं. मी दिवा मालवला बाळ झोपावं म्हणून. दिवा मी मालवला, झोपणार बाळ, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. जर्मनला वाटतं. करणारा आणि पुढचं ज्याच्याकडून व्हायचं तो, दोघं एकच असतील तर उम आणि त्सू. वेगवेगळे असतील तर दामित, आणि त्या दुसऱ्याचं नाव घ्यायचं. बोला."

मिस्त्रीणबाई उभ्याच राहिल्या. चौथ्या खेपेला जमलं. दामित दास रोर निश्त प्लात्स्त. पाइप फुटू नये म्हणून.

आणखी एक भानगड होती, तीही त्याच आठवड्यात कळली. 'त्सू' म्हणजे बंद. दार त्सू, व्हॉल्व्ह त्सू. आणि तोच 'त्सू' क्रियापदाला चिकटला की अर्थच बदलतो. 'ओफ्नेन' म्हणजे उघडणे, 'त्सू ओफ्नेन' म्हणजे उघडायला. बंद आणि उघडायला, दोन्हीत त्सू. मिस्त्रीणबाईंनी बाईंना विचारलं, "मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं?"

"अख्खं वाक्य ऐकल्यावर," बाई म्हणाल्या आणि फळा पुसला.

मशीन आलं. मागोमाग फिटर आला. साठीच्या पुढचा, पांढरी दाढी, पाठ ताठ. कारखान्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव आजोबा ठेवलं. त्याच्या पेटीतले पाने मापाप्रमाणे ओळीत लावलेले असत आणि काम संपलं की प्रत्येक पाना पुसून आपल्या जागी परत.

पहिल्या सकाळी मिस्त्रीणबाईंनी सवयीनं एका व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. आजोबांनी तळहात आडवा धरला. "वोत्सू?"

कशासाठी?

मिस्त्रीणबाईंना वाटलं, हा आपल्याला जोखतोय. अठरा वर्षं हेच चाक फिरवतेय मी, आणि हा मला विचारतो कशासाठी! मराठीत विचारलं असतं तर त्यांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण जर्मनमध्ये त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. दुभाष्या मध्ये बोलायला आला तर आजोबांनी त्यालाही थांबवलं. त्यांना उत्तर मिस्त्रीणबाईंच्याच तोंडून हवं होतं. पाच मिनिटं गेली. बाजूला जाड्या तोंड दाबून हसत होता.

"उम देन द्रुक त्सू झेंकन," मिस्त्रीणबाई शेवटी म्हणाल्या. दाब कमी करायला.

आजोबा बाजूला झाले. चाकाकडे हात करून, करा, अशी खूण केली.

त्या दिवसापासून हेच. कुठलाही व्हॉल्व्ह, कुठलंही बटन, हात लावण्याआधी वोत्सू. आणि आपण स्वतः काही सांगितलं तरी ते कारणाशिवाय सांगत नसत. दोन नंबर उघडा, तेल परत यावं म्हणून. पंखा चालू करा, मला श्वास घेता यावा म्हणून. जाड्याने दुभाष्याला विचारलं, हे असं का? दुभाष्या म्हणाला, "मला काय माहीत? काल जेवायला निघालो तर मलाही वोत्सू."

मिस्त्रीणबाई रोज रात्रीच्या जेवणाआधी दुसऱ्या दिवशीच्या कामांची वाक्यं लिहून काढू लागल्या. पाचात दोन चुकत. आजोबा चूक तिथल्या तिथे सुधारत, पण काम अडवत नसत. त्यांना व्याकरणाचं फारसं नव्हतं. कारण चुकलं तर मात्र ते हलत नसत. इतरांच्या सोयीसाठी मिस्त्रीणबाईंनी कंट्रोल पॅनेलवर एक कागदही चिकटवला. वीसेक शब्द, समोर मराठी अर्थ. त्सू, बंद. ओफ्नेन, उघडणे. स्टॉप, थांबा.

दहाव्या दिवशी दुभाष्या गेला.

सोळाव्या दिवशी सकाळी मशीन चालवून बघितलं. वायू मशीनमध्ये शिरतो त्या तोंडावर एक गाळणी असते. नव्या पाइपांतली वेल्डिंगची खरपुडी आणि धूळ तिथं अडकली होती, मशीन गुदमरत होतं. गाळणी काढून साफ करायला हवी. त्यासाठी आधी तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे मागून वायू येणं थांबतं. मग मधल्या तुकड्यातला उरलेला वायू नळीने पाण्याच्या पिंपात सोडायचा आणि मग गाळणीचे बोल्ट खोलायचे.

तीन नंबर मिस्त्रीणबाईंनी स्वतः बंद केला. चाक फिरेना झालं तसं सोडून दिलं. वायू पिंपात जिरवला. दाबाचा काटा शून्यावर आला. आजोबांनी तो पाहिला, तोंडावर मास्क चढवला, वॉकीटॉकी घेतला आणि मशीनच्या मागच्या चौथऱ्यावर चढले. तिथून ते कुणाला दिसत नसत. मिस्त्रीणबाई पंधरा पावलं इकडे, व्हॉल्व्हच्या रांगेशी उभ्या. पॅनेलजवळ जाड्या.

दुपारचे दोन वाजले होते. जुने दोन कॉम्प्रेसर असे काही धडधडत होते की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. गोदामाचं तापमान तीनवरून सहावर गेलं होतं. आत त्या दिवशीचं सगळं दूध होतं. मॅनेजरसाहेब दर दहा मिनिटांनी येत होते आणि या खेपेला आले ते गेलेच नाहीत. कानाला फोन, फोनवर मालक.

"किती वेळ?" त्यांनी खुणेनं विचारलं.

मिस्त्रीणबाईंनी दोन्ही हातांची बोटं दाखवली. दहा मिनिटं.

तेवढ्यात मिस्त्रीणबाईंच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. आजोबांचा आवाज, घाईतला, तुटक.

"व्हेंटील द्राय त्सू..." मग नुसती खरखर, मध्ये काहीतरी गिळल्यासारखं, आणि "...ओफ्नेन..." मग काहीच नाही.

मिस्त्रीणबाईंनी बटन दाबलं. "वी बिटे?" काय म्हणालात?

उत्तर नाही.

"काय म्हणाले?" साहेबांनी फोन खाली केला.

"नीट आलं नाही."

"मी ऐकलं ना. व्हेंटील द्राय म्हणजे तीन नंबर." साहेब पॅनेलवरच्या कागदाजवळ गेले, बोट फिरवलं. "हे काय, ओफ्नेन, उघडणे. तीन नंबर उघडायला सांगतायत. झालं असेल त्यांचं काम."

"पण साहेब, त्सू पण म्हणाले," जाड्या पुढे वाकला. "त्सू म्हणजे बंद लिहिलंय इथं."

"बंद तर आहेच! बंद आहे ते बंद करा कशाला सांगतील?"

दोघांनीही मिस्त्रीणबाईंकडे बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण त्या कागदावर जे लिहिलेलं नव्हतं ते त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. त्सू आणि ओफ्नेन लागोपाठ आले तर 'उघडायला'. व्हेंटील द्राय त्सू ओफ्नेन, म्हणजे तीन नंबर उघडायचा. आठ महिन्यांच्या शिकण्यावरून साहेबांचंच बरोबर ठरत होतं.

"मिस्त्रीणबाई, उघडा."

त्यांनी चाकावर हात ठेवला. लोखंड गार होतं. हात तिथंच राहिला.

"अहो, उघडा ना! सहाच्या वर गेलंय तापमान. दूध फेकायची पाळी आणता का?"

"एक मिनिट, साहेब."

त्यांनी परत बटन दाबलं. "वोत्सू?" मग मोठ्यानं, "वोत्सू, बिटे?"

नुसती खरखर.

नंतर त्यांनी सांगितलं की त्या मिनिटात त्यांना कसला धीर नव्हता की काही नव्हतं. पाचावर धारण बसली होती. डोक्यात फक्त वाक्य फिरत होतं. उघडायला म्हणायचं तर उम कुठाय? उम ऐकू आलं नव्हतं. असेल मधल्या खरखरीत? पण खरखर त्सू आणि ओफ्नेनच्या मध्ये होती, आणि उघडायला म्हणताना मध्ये जागाच नसते, दोन्ही शब्द चिकटून येतात. मग त्या जागेत काय होतं? आणि सोळा दिवसांत या माणसानं कारण दिल्याशिवाय साधा दिवा लावायला सांगितलेला नाही. कारण असणार. ते मध्येच कुठंतरी पडलं.

"बाई, मी सांगतोय. माझी जबाबदारी," साहेब म्हणाले आणि स्वतःच चाकाकडे आले.

मिस्त्रीणबाई आजवर साहेबांशी मोठ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या चाकासमोर आल्या. साहेबांना हात लावायचा तर आधी त्यांना बाजूला ढकलावं लागलं असतं.

"कशासाठी उघडायचा ते कळल्याशिवाय मी हा उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला उघडू देणारही नाही."

साहेबांच्या फोनमधून मालकांचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो.

मिस्त्रीणबाईंनी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि बंदच्या बाजूला जोर लावला. का लावला ते त्यांनाही सांगता येईना. नुसतं खात्री करायला म्हणून असेल. चाक हललं. मघाशी फिरेना म्हणून सोडलेलं चाक पाव फेरा फिरलं.

म्हणजे तो पुरता बंद झालाच नव्हता. मघापासून मागून वायू झिरपत होता.

त्यांनी खिशात कायम असणारं व्हॉल्व्हचं कुलूप चाकाच्या साखळीत अडकवलं, किल्ली मुठीत घेतली, भिंतीवरचा मास्क ओढला आणि मशीनला वळसा घालून धावल्या. "जाड्या, पंखे! सगळे!" एवढं ओरडल्याचं त्यांना आठवतं.

आजोबा चौथऱ्यावर गुडघ्यांवर बसले होते. मास्क कपाळावर सरकलेला, डोळे घट्ट मिटलेले, त्यातून पाणी वाहतंय, खोकल्याने सगळं अंग हलतंय. वॉकीटॉकी खाली पडून त्याची बॅटरी निघालेली. गाळणीचे दोन बोल्ट खोललेले, तिसरा अर्धा सैल, आणि फटीतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. तो आवाज त्या पोचेपर्यंत कमी होत गेला आणि थांबला.

मिस्त्रीणबाईंनी त्यांच्या मास्कची पट्टी खाली ओढली, दंडाला धरून त्यांना चौथऱ्यावरून उतरवलं आणि मागच्या दाराने उघड्यावर आणलं. तिथं धुवायच्या नळाखाली त्यांचं तोंड धरलं. जाड्याही आला. पंधरा मिनिटं नळ सोडलेला. आजोबांच्या डाव्या हाताच्या बोटांवर पांढरे चट्टे उठले होते, थंड वायूने भाजल्याचे. डोळे लाल, पण दिसत होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं तेव्हा मिस्त्रीणबाईंच्या जिवात जीव आला आणि त्या जमिनीवरच बसल्या.

घडलं होतं ते असं. तिसरा बोल्ट सैल करताना आजोबांना काटा किंचित वर उठलेला दिसला. मास्कमधून बोललेलं समोरच्याला कळत नाही, म्हणून मास्क वर करून ते म्हणाले होते, "व्हेंटील द्राय त्सू, दामित इश देन फिल्टर ओफ्नेन कान." तीन नंबर बंद करा, म्हणजे मला गाळणी उघडता येईल. त्सू म्हणून झालं आणि वायूचा भपकारा तोंडावर आला. 'दामित'पासून 'फिल्टर'पर्यंतचं खोकल्यात गेलं. 'ओफ्नेन' निघालं आणि वॉकीटॉकी हातातून सुटला.

तीन नंबर उघडला असता तर मागचा सगळा वायू त्यांच्या तोंडावर आला असता.

आजोबांचा आवाज परत यायला अर्धा तास लागला. पहिला शब्द कोणता काढला असेल? जागा सोडून मागे कशाला आलात, हे त्यांना कळायला हवं होतं.

"वोत्सू?"

मिस्त्रीणबाईंना रडू फुटायचं बाकी होतं. तरी त्या म्हणाल्या, "उम त्सू फ्रागन." विचारायला. मग मूठ उघडून कुलपाची किल्ली दाखवली. "आणि हे, दामित... दामित निमांड ओफ्नेत दास." हे कुणी उघडू नये म्हणून.

आजोबांनी लाल डोळ्यांनी किल्लीकडे बघितलं. "दामित निमांड दास ओफ्नेत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. क्रियापद शेवटी. आणि पुन्हा खोकल्याची उबळ आली.

गाळणी संध्याकाळी साफ झाली. तीन नंबर आजोबांनी स्वतः तपासला, मागे आणखी एक व्हॉल्व्ह बंद करून घेतला, मगच बोल्टांना हात लावला. मशीन साडेसातला चालू झालं. दूध वाचलं.

खरा पेच दुसऱ्या दिवशी होता. जर्मनीला रोजचा अहवाल जायचा आणि तो दुभाष्या गेल्यापासून मिस्त्रीणबाई लिहीत. काम किती वेळ थांबलं, कशासाठी थांबलं, असे दोन रकाने. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. एवढ्या वर्षांत चहा पहिल्यांदाच.

"काय लिहिताय?"

"झालं ते."

"म्हणजे वॉकीटॉकी तपासण्यासाठी काम थांबवलं, असं लिहा. खोटं नाहीये त्यात. वॉकीटॉकीचंच तर झालं सगळं."

मिस्त्रीणबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्यात तुमचंही भलं आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "व्हॉल्व्ह अर्धवट कुणी सोडला होता? मला बोलायला लावू नका."

हे मात्र खरं होतं, आणि ते त्यांना रात्रभर डाचत होतं. चहा तसाच ठेवून त्या मशीनरूममध्ये आल्या. तीन ओळी लिहायला त्यांना दोन तास लागले. तीन नंबर मी बंद केला, पुरता केला नाही, जोर लावून बघितला नाही. निरोप अर्धा आला. तो उघडायला मला सांगण्यात आलं, मी उघडला नाही, आतल्या माणसाला इजा होऊ नये म्हणून. कुणी सांगितलं ते त्यांनी लिहिलं नाही. आजोबांनी कागद वाचला, एक शब्द इकडचा तिकडे केला, मोकळ्या जागेकडे बोट दाखवून भुवई उंचावली. मिस्त्रीणबाईंनी मान हलवली. आजोबांनी खाली सही केली.

आठ दिवसांनी तिकडून उत्तर आलं. उघडायला कुणी सांगितलं ते त्यांनी विचारूनच घेतलं, आणि मॅनेजरचं नाव पुढे आलं. साहेबांची बदली वगैरे झाली नाही. पण सहा महिने ते मिस्त्रीणबाईंशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, आणि मुख्य ऑपरेटरची जागा त्या वर्षी निघाली ती जाड्याला मिळाली. जाड्या पेढ्याऐवजी खाली मान घेऊन आला. "ताई, मी नाही म्हणू का?" त्याने विचारलं. "वेडा आहेस का? घे," त्या म्हणाल्या. मनातून त्यांना लागलं. ते त्यांनी लपवलंही नाही. महिनाभर त्या डबा एकट्याच खात.

तेवढं एक झालं की वॉकीटॉकीवरून व्हॉल्व्ह हलवायचे हुकूम कायमचे बंद झाले. सांगणाऱ्याने समोर यायचं, कशासाठी ते सांगायचं, ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. सुरुवातीला सगळे कंटाळले, मग ते अंगवळणी पडलं.

आजोबा तेविसाव्या दिवशी परत गेले. निरोपाचं भाषण वगैरे काही नव्हतं. त्यांनी पेटीतला एक पाना काढला, पुसला, मिस्त्रीणबाईंच्या हातात दिला आणि गाडीत बसले. मिस्त्रीणबाईंनी परीक्षा दिली, लेखीत नापास झाल्या, पुन्हा बसल्या तेव्हा काठावर सुटल्या. शिकवणीच्या बाईंना त्यांनी व्हॉल्व्हची हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, मी त्या दिवशी फळा फार लवकर पुसला.

घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. सासूबाईंना कळलं ते तीन आठवड्यांनी, भाजीच्या दुकानात जाड्याच्या बायकोकडून. त्या दिवशी घरात चूल थंडच. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"आई, जेवण?"

"मला कोण विचारतंय? मी कोण लागते?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सासूबाई सकाळीच इस्त्रीची साडी नेसून, काठी घेऊन दारात उभ्या. "मला दाखव कुठं काम करतेस ते."

परवानगी काढायला दुपार झाली. जाड्याने दार उघडलं. सासूबाई सुनेचा हात धरून आत आल्या. आता तिन्ही मशीनं चालू होती. त्या उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थांबल्या. त्यांना दिसत किती होतं कोण जाणे, पण त्या डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे करून ऐकत राहिल्या. मिस्त्रीणबाई कानाशी वाकून सांगत होत्या, हे नवं, हे जुनं. सासूबाईंनी हाताने थांबवलं.

बाहेर आल्यावर त्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "काय गं हा आवाज! कान किटले माझे. अठरा वर्षं यात उभी असतेस?"

"हो."

"आणि मी घरी दोनदा हाका मारल्यावर ओ देत नाहीस म्हणून तुझ्या नवऱ्याकडे तक्रार केली होती मी. मुद्दाम करतेस म्हणून."

"कधी?"

"कधी काय? दरवेळी." सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि काठी टेकत उठल्या. "चल, तुझे कान दाखवून येऊ डॉक्टरला. आजच."

बसस्टॉप रस्त्यापलीकडे होता. मिस्त्रीणबाईंनी गाडी येतेय का बघितलं, सासूबाईंचा दंड धरला आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या.